मोठं निसर्गचित्र: मधली झाडी हिरवी भिंत झाली आहे, मार्ग सुचवा

केवडा (४ फेब्रुवारी)

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहिते आहे पहिल्यांदाच. शाळेत चित्रकला शिकवत होते, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. राहते पुण्यात, माहेर श्रीवर्धनचं. तिथे आमची वाडी आहे. पोफळी (सुपारीची झाडं) आणि नारळ, मधेमधे केळी, जायफळाची चार झाडं, पोफळींवर चढवलेले मिरीचे वेल, विहिरीजवळ अळू आणि कर्दळ. आहे म्हणते, पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि १६० पोफळींतल्या २८ उभ्या राहिल्या. नारळ निम्मे गेले. जायफळ एकही उरलं नाही. नवीन रोपं लावली आहेत, ती अजून माझ्या खांद्यालाही लागत नाहीत.

मला ती वाडी होती तशी रंगवायची आहे. तैलरंगात, आठ फूट बाय पाच फूट. मोठीच का, हे घरी सगळे विचारतात. वाडी बाहेरून कधी दिसायचीच नाही. गडग्याची, म्हणजे दगडी कुंपणाची, बेडकी (आत शिरायची वाट) ओलांडली की चारही बाजूंनी आणि डोक्यावरही हिरवं, आपण त्याच्या पोटात. दीड फुटाच्या कागदावर काढली की ती खिडकीतून पाहिल्यासारखी होते. असे दहाबारा कागद भरून झाले माझे.

मोठं करायचं हे डोक्यात पक्कं झालं ते रोममध्ये. २०१८ मध्ये मुलीबरोबर गेले होते. तिथल्या पालाझ्झो मास्सिमो संग्रहालयात एक अख्खी खोली आहे. सम्राट ऑगस्टसची बायको लिव्हिया, तिच्या प्रिमा पोर्ता इथल्या वाड्यातली ही भित्तिचित्रं. दोन हजार वर्षांपूर्वीची. चारही भिंतींवर फक्त बाग. माणूस नाही, देऊळ नाही, गोष्ट नाही. डाळिंब, लॉरेल, कण्हेर, देवनळाचं कुंपण, फळांवर बसलेले पक्षी. मी मधल्या बाकावर बसले आणि मला वाडीत बसल्यासारखं गार वाटलं. तेव्हा वाडी उभी होती.

आता अडचण. चौदा महिने काम चालू आहे. दोन्ही कडा जमल्या आहेत, विहीर जमली आहे. मधला तीनेक फुटांचा भाग मात्र मेला आहे. तिथली पानं मी एकेक करून नीट काढली आहेत, पोफळीचं पान पोफळीचंच वाटतं, केळीचं केळीचं. तरी लांबून पाहिलं की हिरवी भिंत दिसते. आत शिरता येत नाही. मोठ्या आकारात झाडी केलेली माणसं इथे असतील तर कृपया सांगा.

जुना_जेजेकर (४ फेब्रुवारी)

केवडाताई, आधी दोन प्रश्न. ट्यूबमधले हिरवे कोणते वापरता? आणि त्या मधल्या भागात सगळ्यांत गडद जागा कुठली, यावर बोट ठेवता येईल का?

केवडा (४ फेब्रुवारी)

सॅप ग्रीन आणि व्हिरिडियन, उजेडात लेमन यलो घालून. दुसऱ्या प्रश्नासाठी आत्ता उठून जाऊन पाहिलं. बोट ठेवता येत नाही. सगळीकडे सारखंच मध्यम गडद आहे.

जुना_जेजेकर (५ फेब्रुवारी)

मग दुखणं सापडलं. सविस्तर लिहितो.

झाडी दाट दिसते ती पानांमागच्या अंधारामुळे. पानं कितीही काढा, मागे अंधार नसेल तर तो पानांचा छापील कपडा होतो. आम्ही मुंबईच्या जे.जे. कलाशाळेच्या आवारात झाडांखाली बसून लँडस्केप करायचो तेव्हा आमचे सर पानाला हात लावू देत नसत. आधी फांद्यांमधल्या फटी रंगवायच्या. आकाशाच्या फटी वेगळ्या आणि अंधाराच्या फटी वेगळ्या. त्यांचे आकार बरोबर आले की उरतं ते झाड. हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण पाच फूट उंच कॅनव्हाससमोर हाताच्या अंतरावर उभं राहून काम करताना हमखास विसरतं. डोळ्यासमोर फक्त वीतभर जागा असते, ती आपण सुंदर करतो आणि शेजारच्या वितीकडे जातो. शेवटी सगळ्याच विती सारख्या सुंदर होतात. तुमचं तेच झालं आहे.

आता रंग. महिनाभर सॅप ग्रीन बाजूला ठेवा. अल्ट्रामरीन आणि यलो ओकर, प्रशियन ब्लू आणि रॉ सिएना, व्हिरिडियन आणि बर्न्ट सिएना, या तीन जोड्यांतून पट्ट्या करून पाहा. तिसऱ्या जोडीतून इतका खोल गडद निघतो की काळ्याची गरज पडत नाही, आणि तो मेलेलाही नसतो.

झाडीत शिरून पाहिलं तर एकाच झाडाचं पान चार रंगांचं असतं. वरून ऊन पडलेलं पान हिरवं कमी आणि पांढुरकं जास्त दिसतं, कारण ते चकाकतं. उन्हाच्या पलीकडच्या बाजूने पाहिलेलं पान, ज्यातून उजेड आरपार येतो, ते पोपटी-पिवळं आणि सगळ्यांत तेजस्वी. केळीचं पान आठवा. सावलीतलं पण आकाशाकडे तोंड केलेलं पान निळसर, आणि जमिनीकडे वळलेलं पान तपकिरी झाक घेतलेलं, कारण त्याला खालच्या मातीचा उजेड मिळतो. तुमच्याकडे तांबडी माती, म्हणजे ही झाक चांगलीच उठून दिसायला हवी. प्रत्येक पानाला 'याला उजेड कुठून मिळतो?' एवढं विचारत गेलात तर लेमन यलोची ट्यूब वर्षभर पुरेल.

इंग्लिश निसर्गचित्रकार कॉन्स्टेबलचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. त्याच्या आधीच्या इंग्लिश निसर्गचित्रांवर तपकिरी रंगाचं राज्य होतं. सर जॉर्ज बोमंट हे मोठे संग्राहक, त्यांचं म्हणणं असं की चित्राची एकूण झाक जुन्या व्हायोलिनसारखी हवी. कॉन्स्टेबलने एक जुनं व्हायोलिन उचललं आणि घरासमोरच्या हिरवळीवर नेऊन ठेवलं. त्याच्या चरित्रात हा प्रसंग आहे. १८२४ मध्ये पॅरिसच्या सालों या मोठ्या प्रदर्शनात त्याचं 'द हे वेन' हे चित्र लागलं, सुवर्णपदक मिळालं आणि फ्रेंच चित्रकार त्याच्या हिरव्याकडे बघत राहिले. त्यांच्यातल्याच देलाक्रुआने पुढे डायरीत नोंदवलं आहे की कॉन्स्टेबलच्या कुरणांचा हिरवा सरस ठरतो, कारण तो असंख्य वेगवेगळ्या हिरव्यांचा बनलेला आहे.

तुमच्यासाठी त्याहून कामाची गोष्ट पुढे आहे. 'हे वेन' जवळजवळ १३० बाय १८५ सेंटिमीटर. या सहाफुटी चित्रांसाठी कॉन्स्टेबल आधी त्याच मापाचं, अख्खं, तैलरंगातलं कच्चं चित्र करायचा. 'हे वेन'चं तसं कच्चं चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. लहान स्केच ग्राफ टाकून मोठं केलं की वस्तू मोठ्या होतात, पण उजेड-अंधाराचा तोल मोठा होत नाही. तो त्या मापातच शोधावा लागतो. तुम्ही आठ बाय पाचचं कच्चं केलं होतं का?

केवडा (५ फेब्रुवारी)

नाही केलं. दीड फुटाच्या जलरंगातल्या चित्रावर ग्राफ टाकून थेट कॅनव्हासवर उतरवलं. मुलांना शाळेत हेच शिकवत आले. तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला, उद्या छापून स्टुडिओत लावते.

रानवाटा (६ फेब्रुवारी)

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, चित्रातलं फार कळत नाही. पण लिव्हियाच्या खोलीचं नाव निघालं म्हणून राहवत नाही. ती माझ्या विषयातल्या लोकांचीही आवडती जागा आहे, कारण तिथली झाडं ओळखता येतात. वीसहून जास्त जातींच्या वनस्पती आणि साठाहून जास्त जातींचे पक्षी अभ्यासकांनी ओळखले आहेत. डाळिंब, क्विन्स, मर्टल, कण्हेर, ओक, पाइन, सायप्रस, खाली पॉपी, गुलाब, शेवंतीच्या कुळातली फुलं. एक पक्षी पिंजऱ्यात आहे, बाकी सगळे मोकळे.

मुळात ती खोली अर्धी जमिनीखाली होती, उन्हाळ्यात जेवायला बसायची गार जागा असावी असं मानतात. सुमारे १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद. १८६३ मध्ये उत्खननात सापडली आणि १९५१-५२ मध्ये चित्रं भिंतींवरून काढून संग्रहालयात आणली. केवडाताईंना गार वाटलं ते उगाच नाही.

ज्याने ती रंगवली त्याने खोली कशी आणली, हे पाहण्यासारखं आहे. पुढे वेताचं बुटकं कुंपण. मग गवताची पायवाट. मग दगडी कठडा. कठड्याला लागून जी झाडं आहेत त्यांचं पान न् पान स्पष्ट, अगदी वाऱ्याने कुठल्या बाजूला कललं आहे तेही. त्यांच्या मागची झाडी मात्र निळसर-हिरवी, धूसर, जात ओळखू न येणारी. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने मागचं पान मोजलं नाही. म्हणजे जेजेकर म्हणतात तेच की.

आता वाडीबद्दल. तुमच्या मधल्या भागात कुठल्या मजल्यावर काय आहे? कोकणातली वाडी मजल्यांची असते. सर्वांत वर नारळाचे मोठे गोल माथे, त्याखाली पोफळींचे लहान, उभे तुरे. मग खोडांना धरून मिरी. मग जायफळाचा घट्ट, काळपट हिरवा घेर. मग केळी. जमिनीलगत अळू, हळद. प्रत्येक मजल्यावर उजेड कमी होत जातो आणि पान मोठं, पातळ होत जातं. अळूचं पान एवढं मोठं असतं ते खाली पोचलेला थोडका उजेड गोळा करायला. तुम्ही सगळे मजले एकाच उजेडात काढले असतील तर माझ्या विद्यार्थ्यांनाही ते खटकेल. आणि पोफळीच्या तुऱ्याखालचा तो गुळगुळीत हिरवा भाग, ज्याच्या सुकून विऱ्या (पानाचे रुंद देठ) पडतात, तो सोडू नका. राखाडी खोडाच्या टोकाला तो एकदम हिरवा असतो, खोडाची उंची त्यानेच कळते.

टेम्सकाठी (६ फेब्रुवारी)

लंडनहून. इथल्या टेट ब्रिटन संग्रहालयात अमेरिकी चित्रकार सार्जंटचं 'कार्नेशन, लिली, लिली, रोझ' आहे, माझ्या कामाच्या जागेपासून चालत वीस मिनिटं. वीस वर्षांत किती वेळा पाहिलं असेल याचा हिशेब नाही.

दोन लहान मुली संध्याकाळच्या बागेत कागदी कंदील लावत आहेत. साडेपाच फुटांहून उंच चित्र. त्यात आकाश नाही, क्षितिज नाही, जमिनीचीही रेघ नाही. वरपासून खालपर्यंत गवत, लिली, गुलाब. केवडाताई म्हणतात तसं बागेच्या पोटात. तरी भिंत होत नाही. मी जवळ जाऊन पाहिलं आहे: गवताची पाती म्हणजे ब्रशचे लांब, सैल फटकारे आहेत, आणि पांढऱ्या लिली अंतराअंतरावर पेरल्या आहेत. डोळा एका लिलीवरून दुसऱ्या लिलीवर पाय देत आत जातो. कंदिलांचा पिवळा उजेड मुलींच्या चेहऱ्यांवर पडतो तिथे थांबतो.

हे चित्र त्याने प्रत्यक्ष बागेत केलं. १८८५ चा उन्हाळा-शरद, इंग्लंडमधल्या ब्रॉडवे नावाच्या गावात, मित्राच्या घरी. त्याला हवा तो जांभळट संधिप्रकाश रोज जेमतेम काही मिनिटं टिकायचा. सगळी तयारी आधी, मुली जागेवर, आणि तेवढी मिनिटंच काम. आदल्या संध्याकाळचं काम सकाळी खरवडून टाकायचा, असं तिथल्या मित्राने सांगून ठेवलं आहे. नोव्हेंबरपर्यंत गुलाब सुकले तेव्हा झुडपांना कृत्रिम फुलं बांधली. पुढच्या वर्षासाठी लिलीचे पन्नास कंद पाठवून दिले, कुंड्यांत लावून ठेवा म्हणून. १८८६ च्या ऑक्टोबरमध्ये चित्र संपलं. मधेच कधीतरी कॅनव्हासची डावी बाजू दोनेक फूट कापूनही टाकली.

एवढं लिहायचं कारण, चौदा महिन्यांनी तीन फूट खरवडायला लागले तर वाईट वाटून घेऊ नका.

अनघड (७ फेब्रुवारी)

माझं मत वेगळं आहे आणि ते मनापासून सांगतो. सार्जंटसमोर बाग होती. कॉन्स्टेबलसमोर त्याचा सफक परगणा होता. केवडाताईंसमोर वाडी नाही. फोटो आणि आठवण यांवरून केलेल्या चित्राला वास्तववादी म्हणावं का? फोटोवरून केलेली झाडी मी प्रदर्शनांत पुष्कळ पाहतो. लांबून छान, जवळून कागद. मला वाटतं मधला भाग मेला आहे तो रंगामुळे नाही, तिथे नजरेसमोर काही नव्हतं म्हणून. कडांना काय वापरलंत? अजून उभी आहेत ती झाडं?

केवडा (७ फेब्रुवारी)

हो. कडांची झाडं उभी आहेत. विहीरही. तिथे जाऊन तीन वेळा अभ्यास करून आले. मधला भाग २०१६ च्या मे महिन्यातल्या फोटोंवरून आहे.

तुमचं म्हणणं लागलं मनाला, पण खरं आहे. दोन दिवस लिहीत नाही, विचार करते.

तैगा (८ फेब्रुवारी)

अनघड यांच्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. मी मॉस्कोत सहा वर्षं शिकायला होतो. थंडीत रविवारी जायला ऊबदार जागा म्हणजे त्रेत्याकोव गॅलरी. तिथे शिश्किनच्या खोलीत मी निसर्गचित्र बघायला शिकलो.

इवान शिश्किन, १८३२ चा जन्म, येलाबुगा गावचा. आयुष्यभर जंगल रंगवलं. 'पाइनच्या जंगलातली सकाळ' हे १८८९ चं चित्र रशियात चॉकलेटच्या वेष्टनावर असतं, म्हणून सगळ्यांना पाठ. त्यातली अस्वलं त्याच्या मित्राने, साविट्स्कीने काढलेली, आणि गॅलरीचा संस्थापक त्रेत्याकोव याने चित्र घेतल्यावर साविट्स्कीची सही पुसून टाकली. हे विषय सोडून झालं, पण मला दर वेळी आठवतं.

शिश्किन पानं मोजणारा माणूस. ओकचं पान, पाइनची साल, दगडावरचं शेवाळ, सगळं नावानिशी. क्राम्स्कोय हा त्याचा मित्र त्याला चालतीबोलती शाळा म्हणायचा. आणि हाच माणूस विद्यार्थ्यांना फोटोंवरून अभ्यास करायला लावायचा! रशियात हिवाळा लांब, बाहेर बसणं अशक्य, म्हणून वर्गात फोटो मोठे करून पडद्यावर टाकायचे आणि रेखाटायचे. पण ज्याने उन्हाळाभर जंगलात बसून अभ्यास केला आहे त्यालाच फोटोत काय चुकलं आहे ते कळतं, अशी त्यामागची समजूत.

सेंट पीटर्सबर्गच्या रशियन संग्रहालयात त्याचं शेवटचं मोठं चित्र आहे, जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी राखलेल्या पाइनच्या राईचं. १६५ बाय २५२ सेंटिमीटर. साल १८९८, त्याच वर्षी तो इझलसमोर बसलेला असतानाच गेला. ही राई त्याच्या लहानपणच्या येलाबुगाजवळची. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, राजधानीतल्या स्टुडिओत बसून, जुने अभ्यास आणि आठवण यांतून केलेली. मी त्यासमोर उभा राहिलो तेव्हा पुढच्या ओढ्यातलं पाणी इतकं स्वच्छ होतं की तळाचे खडे मोजावेसे वाटले. ते कागद नव्हतं.

अनघड, मला वाटतं प्रश्न समोर झाड आहे की नाही हा नाही. हातात ते झाड आहे का, हा आहे.

अनघड (८ फेब्रुवारी)

मान्य. तरी त्याच्या हातात चाळीस वर्षांचे अभ्यास होते. ताईंनी फोटो बाजूला ठेवून तसे अभ्यास करावेत एवढंच म्हणतो. वाडी शेजाऱ्यांची असेल तरी पोफळ तीच.

रानवाटा (८ फेब्रुवारी)

आणखी एक भर, कारण लिव्हियाच्या बागेबद्दल सर्वांत महत्त्वाचं सांगायचं राहिलं. ती बाग कधीच अस्तित्वात नव्हती! वसंतात फुलणारी पॉपी आणि शरदात पिकणारं डाळिंब, क्विन्स एकाच वेळी तिथे आहेत. कुठल्याही दिवशी, कुठल्याही बागेत हे दिसणार नाही. प्रत्येक झाड मात्र खरं, वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिकेला ओळखू येईल इतकं. आणि बसणाऱ्याला बाग खरी वाटते.

केवडाताई, तुम्ही मे महिन्यातच का अडकला आहात? जायफळं फुटलेली, मिरीचे हिरवे घोस, पावसातलं अळू, हे सगळं तुमच्या वाडीत वर्षभरात होतंच ना?

जुना_जेजेकर (९ फेब्रुवारी)

सगळे ऋतू एकत्र करायला माझी हरकत नाही, पण ऊन एकाच वेळचं ठेवा. उजेड दोन वेगळ्या वेळांचा झाला की चित्र फुटतं.

फोटोबद्दल तांत्रिक बाजू: झाडीत कॅमेरा दोन ठिकाणी दगा देतो. अंधार सरळ काळा करतो, आणि कवडसे सरळ पांढरे. आपला डोळा अंधारात सरावतो, त्याला तिथे जांभळं, तांबूस, हिरवट काळं दिसतं. कवडशातही रंग दिसतो. वाडीच्या जमिनीवर पडणारे कवडसे गोल असतात हे तुम्ही पाहिलंच असेल. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असूनही खाली गोल पडतात, कारण ती प्रत्येक फट भिंगाशिवायच्या कॅमेऱ्यासारखी सूर्याची प्रतिमा पाडते. फांदी जितकी उंच तितका गोल मोठा आणि कडा मऊ. नारळावरून आलेला कवडसा आणि केळीखालचा कवडसा वेगळा रंगवावा लागतो. खूप कमी लोक हे करतात. केलंत तर वरचे मजले न दाखवताही खाली जाणवतात.

टेम्सकाठी (९ फेब्रुवारी)

कवडशांचं हे माहीत नव्हतं. उद्या पार्कात बघतो, ऊन पडलं तर.

मातीचा_वास (१२ फेब्रुवारी)

उशिरा आले धाग्यावर. जरा रोकडे प्रश्न. आठ बाय पाच फ्लॅटमध्ये ठेवता कुठे आणि पाहता कुठून? मी चार फुटांच्या वर गेले की मागे सरायला जागा नसते. पावसाळ्यात कॅनव्हास ढिला पडतो, मागून बुरशीचे ठिपके येतात. मला एक मोठं काम त्यापायी टाकून द्यावं लागलं.

केवडा (१२ फेब्रुवारी)

बैठकीची खोलीच स्टुडिओ केली आहे. कॅनव्हास दोन तुकड्यांत आहे, चार बाय पाचचे दोन, मधे बोल्टने जोडलेले. नाहीतर जिन्यातून खालीच जाणार नाही. पाहायला दार उघडून समोरच्या जिन्यात जाते, तिथून सतरा फूट मिळतात. मागून चौकटीत आडव्या-उभ्या दोन पट्ट्या आहेत आणि भिंतीपासून चार इंच सुटा ठेवला आहे, हवा खेळते. जून ते सप्टेंबर खोलीत रोज दोन तास पंखा. अजून ठिपका आलेला नाही.

तैगा (१२ फेब्रुवारी)

तुकड्यांची आयडिया उत्तम. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनीने २००७ मध्ये यॉर्कशायरमधली झाडी केली, 'बिगर ट्रीज निअर वॉर्टर'. ५० कॅनव्हास जोडून सुमारे ४० फूट रुंद आणि १५ फूट उंच. एकेक तुकडा उघड्यावर नेऊन रंगवायचा आणि पूर्ण चित्र कॉम्प्युटरवर जोडून बघायचा, कारण एवढं एकत्र पाहायला जागाच नव्हती. तुम्हीही कॅनव्हासचे रोज फोटो काढून मोबाइलवर अंगठ्याएवढे करून पाहा. अंगठ्याएवढ्यात जर मधला भाग सपाट दिसला तर तो सतरा फुटांवरूनही दिसणार.

केवडा (३ मार्च)

बरेच दिवस गप्प होते, काम चालू होतं. सांगते काय केलं ते.

अनघड यांचं ऐकलं. श्रीवर्धनला जाऊन बारा दिवस राहिले. शेजारची एक वाडी आडोशामुळे बऱ्यापैकी वाचली आहे, मालकांनी रोज बसू दिलं. फोटो एकही नाही. सकाळी आठ ते दहा, फक्त कोळसा आणि खाकी कागद. जेजेकरांनी सांगितलं तशा फटीच काढल्या. पहिले तीन दिवस हाताला सवय नव्हती, हात आपोआप पानाकडे जायचा. चौथ्या दिवशी जायफळाच्या घेराखालचा अंधार काढत होते आणि लक्षात आलं की त्या अंधाराला आकार आहे, तो पोफळीच्या खोडांमधून वळत मागे विहिरीपर्यंत जातो. मी सगळ्यांत जास्त विसरले होते ती ही वाट. लहानपणी आम्ही लपाछपीत याच अंधारातून पळायचो.

पुण्यात आल्यावर खाकी कागद चिकटवून आठ बाय पाचचं कच्चं केलं, कोळसा आणि खडूत, दोन दिवसांत. रंग नाही, पान नाही. जिन्यातून पाहिलं आणि पहिल्यांदा त्यात शिरता आलं.

मग मधला भाग पॉलिश पेपरने घासून पटाशीने खरवडला. चौदा महिन्यांतले पाच महिने होते ते. त्यावर बर्न्ट सिएना टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सपाट हात दिला. आता गडदपासून वर येते आहे: आधी पातळ, मग तेलकट. रानवाटांच्या मजल्यांची एक पट्टी करून इझलला टाचली आहे. ऊन सकाळी नऊचं, आणि जायफळ फुटलेलं, आत लाल जायपत्री दिसेल असं. ते मे महिन्यातलं नाही, पण आमच्या वाडीतलंच आहे.

जुना_जेजेकर (३ मार्च)

लाल जायपत्री एकाच ठिकाणी ठेवा, जास्तीत जास्त दोन. एवढ्या हिरव्यात तो थेंब फार लांबून ओढून घेईल.

बाकी ही बातमी वाचून फार बरं वाटलं.

अनघड (४ मार्च)

ताई, माझं बोलणं लागलं होतं तुम्हाला, तरी बारा दिवस जाऊन बसलात. मनापासून नमस्कार. चित्र बघायला पुण्याला यायचं आहे.

केवडा (२७ एप्रिल)

मधला भाग उभा राहिला आहे. शेवटचे हात बाकी आहेत. कवडसे दोन मापांचे केले, केळीखाली लहान आणि कडक, पाटाच्या कडेला मोठे आणि मऊ. ते केल्यावर वर नारळ आहेत हे न सांगता कळायला लागलं. जायपत्री एकच ठेवली.

काल धाकटे काका आले होते. त्यांनी त्या वाडीचं शिंपणं चाळीस वर्षं केलं आहे. मी काही न बोलता खुर्ची दिली. बराच वेळ बसले. मग उठून जवळ गेले, आणि विहिरीच्या दोणीपासून पोफळींच्या आळ्यांकडे जाणारा पाट आहे ना, त्याच्यावर बोट धरलं. म्हणाले, पाणी इथे डावीकडे वळायचं. इथे एक काळा दगड होता, तो सरकवला की पाणी जायफळाकडे जायचं. तू दगड नाही काढलास, म्हणून पाणी सरळ गडग्याला जातंय, जायफळ सुकेल.

मी विचारलं, दगड केवढा? त्यांनी दोन्ही हातांनी दाखवला, आणि कुठल्या बाजूने शेवाळलेला होता तेही. आज सकाळी कोळशाने जागा आखली आहे. त्या भागातलं पाणी पुसून नव्याने वळवायचं आहे, म्हणजे त्यावरचे तीन कवडसेही हलणार. जेजेकर, वाहत्या पाण्यावरचा कवडसा आणि ओल्या दगडावरचा कवडसा यांत कडा कुठली मऊ ठेवू?

जुना_जेजेकर (२७ एप्रिल)

पाण्यावरची. दगडावरचा ओला भाग आधी गडद करून घ्या, मग कवडसा एका फटकाऱ्यात टाका आणि त्याला परत हात लावू नका.